तो दोन रकान्यांचा तक्ता काढून टाका

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अर्थशास्त्र अभ्यासमंडळांचे सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

माझी भाची यंदा टी.वाय.ला आहे, विषय अर्थशास्त्र. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला नोट्समधले एक पान दाखवले. मथळा 'समाजवादाकडून बाजार अर्थव्यवस्थेकडे'. खाली दोन रकाने. डावीकडे 'शॉक थेरपी', म्हणजे सगळे बदल एकदम, उदाहरणे रशिया आणि पोलंड. उजवीकडे 'क्रमिक सुधारणा', उदाहरण चीन. प्रत्येकाचे चार गुण, चार दोष. "मामा, तू तर तिथे होतास. यातलं खरं किती?" असे तिने विचारले आणि मी तासभर बोलत बसलो. शेवटी ती म्हणाली, "हे सगळं पेपरात लिहिलं तर मला दहापैकी तीन मिळतील."

त्या तीन गुणांसाठी हे पत्र.

मी अर्थतज्ज्ञ नाही. इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याचा मुलगा. १९८८ साली शिष्यवृत्तीवर मॉस्कोला यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेलो, १९९४ मध्ये परत आलो आणि पुढे निर्यातीच्या धंद्यात पडलो. म्हणजे आपल्या तक्त्यातला डावा रकाना मी सहा वर्षे राहून पाहिला आहे. तो एक रकाना नाही, एवढेच मला सांगायचे आहे. रशिया आणि पोलंड यांना एका खणात कोंबले की नेमके तेच हरवते ज्यासाठी हे प्रकरण शिकवायचे: भाव मोकळे करणे एका दिवसाचे काम असते, पण त्या दिवसापर्यंत साचलेला तोटा कोणाच्या नावे लिहायचा, हे प्रत्येक देशाने वेगळे ठरवले. बहुतेक ठिकाणी ते कोणी ठरवलेच नाही, आपोआप ठरले.

आधी तोटा साचतो कसा ते. जून १९६२ मध्ये सोव्हिएत सरकारने मांस आणि लोणी महाग केले. नोव्होचेर्कास्क या गावात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातले कामगार रस्त्यावर आले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या, २६ माणसे मेली. पंचवीसेक वर्षे ही गोष्ट तिथल्या वर्तमानपत्रात आली नाही, पण सत्तेवरच्या प्रत्येकाच्या ती लक्षात होती. त्यामुळे मांसाच्या भावाला पुढे जवळजवळ तीस वर्षे हात लावायची हिंमत कोणी केली नाही. मी गेलो तेव्हाही सरकारी दुकानात मांस दोन रुबल किलोच्या आसपास होते. म्हणजे पाटीवर होते. काचेमागे बहुधा हाडेच असत. पगार मात्र वर्षागणिक वाढत होते. माल नाही, भाव हलत नाही आणि हातात पैसा येतोय, तर तो जाणार कुठे? बचत बँकेत. तिथली माणसे काटकसरी होती म्हणून पासबुके फुगली असे कोणी शिकवत असेल तर ते चूक आहे. त्या बचतीतला बराचसा पैसा म्हणजे न मिळालेल्या वस्तूंची पावती होती.

प्रत्येकाच्या खिशात एक जाळीची पिशवी असे, 'आवोस्का'. 'आवोस' म्हणजे 'मिळालंच तर'. रांग दिसली की आधी उभे राहायचे, मग पुढच्याला विचारायचे की कशाची आहे. आपल्याकडे स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या पिढीला हे निम्मे कळेल. उरलेले निम्मे असे, की आपल्याकडे कोपऱ्यावर किराणा दुकानदार होता. तो उधारीवर साखर देत होता, काळ्या बाजारात रॉकेल देत होता, पण दुकान त्याचे होते. रशियात वस्तू विकत घेऊन नफ्याने विकणे हाच गुन्हा, फौजदारी संहितेचे कलम १५४. त्यामुळे बाजार आणायचा ठरला तेव्हा तिथे दुकानेही होती आणि मालही थोडाफार होता. व्यापारी तेवढा नव्हता. जो होता तो आधीच गुन्हेगार ठरलेला. पुढे रशियन बाजाराचा चेहरा तसा का झाला, याचे निम्मे उत्तर इथे आहे, आणि आपल्या तक्त्यात त्याला जागा नाही.

२२ जानेवारी १९९१. रात्री नऊच्या बातम्यांत जाहीर झाले की ५० आणि १०० रुबलच्या जुन्या नोटा मध्यरात्रीपासून बाद, बदलून घ्यायला तीन दिवस, तेही ठरावीक रकमेपर्यंत. (आठ नोव्हेंबर २०१६ ला घरी टीव्हीसमोर बसलो असताना बायकोने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, हा चित्रपट मी आधी पाहिलाय.) रशियातला खरा हेतू लोकांकडचा जादा पैसा शोषून घेणे. फारसे काही शोषले गेले नाही, विश्वास तेवढा गेला. माझी ५० ची एक नोट आठवड्याने शब्दकोशात सापडली, ती अजून माझ्याकडे आहे.

मग वर्षअखेरीला सोव्हिएत संघ हा देशच गेला, आणि २ जानेवारी १९९२ ला उपपंतप्रधान गायदार यांच्या पुढाकाराने रशियन सरकारने बहुतेक सगळे भाव मोकळे केले. पाव, दूध, व्होडका, भाडी, वीज असे थोडे मागे ठेवले. खरे बोलायचे तर रांगा गेल्या. डिसेंबरात ज्या दुकानात फक्त व्हिनेगर आणि समुद्रशेवाळाचे डबे होते तिथे काही आठवड्यांत लोणी दिसू लागले. जानेवारीच्या शेवटी कोणालाही कुठेही विकायची मुभा मिळाली, आणि 'देत्स्की मीर' या मोठ्या खेळण्यांच्या दुकानाबाहेर माणसांच्या ओळी लागल्या. यावेळी विकणाऱ्यांच्या. कोणाच्या हातात एक कोरी किटली, कोणाकडे बुटांचा एकच जोड, कोणाकडे आजीचा चांदीचा चमचा. पुढे यातलेच लोक तुर्कस्तान, पोलंड, चीनकडे मोठमोठ्या पिशव्या घेऊन जाऊ-येऊ लागले. त्यांना 'चेल्नोकी' म्हणत. चेल्नोक म्हणजे मागाचा धोटा. अख्ख्या वसतिगृहात त्या शब्दाची गंमत बहुधा मला एकट्यालाच कळली असेल.

आमच्या वसतिगृहाच्या दारावर एक म्हातारी बसायची, किल्ल्या सांभाळायला. आम्ही तिला बाबुश्का म्हणायचो. तिचे बचत बँकेत पाच हजारांच्या वर रुबल होते. १९९० मध्ये थोडी भर घालून त्यात मोटार आली असती, अर्थात नंबर लागला असता तर. १९९२ या एका वर्षात भाव सव्वीस पट झाले. डिसेंबरअखेर डॉलर ४१५ रुबलच्या आसपास होता, म्हणजे तिची उभ्या आयुष्याची पुंजी बारा डॉलर. तिने आरडाओरडा केला नाही. पासबुक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवून दिले आणि दारातच सिगारेटी सुट्या विकायला लागली. १९९५ साली सरकारने कायदा करून या जुन्या ठेवी आपले देणे असल्याचे मान्य केले, आणि मग त्याची पूर्ण अंमलबजावणी वर्षानुवर्षे पुढे ढकलली. थोडीफार भरपाई सुरू झाली ती सर्वांत म्हाताऱ्यांपासून.

तक्त्यात हे 'दोष: महागाई' या दोन शब्दांत आले आहे. पण त्यातले अर्थशास्त्र पाहा. तीस वर्षे मांस दोन रुबलने विकण्याचा जो तोटा होता तो कोणीतरी सोसायचाच होता. सरकार तो कर लावून फेडू शकत होते, मालमत्ता विकून ठेवीदारांना वाटा देऊ शकत होते, ठेवी गोठवून पुढे हप्त्याने देऊ शकत होते. यातले काहीही न करता भाव सोडले की तोटा ज्याच्याकडे रुबलशिवाय काहीच नाही त्याच्यावर जातो. कारखान्याच्या संचालकाकडे गोदामात निकेल होते, तांबे होते, डिझेल होते. ती वस्तू सव्वीस पट महाग झाली. बाबुश्काकडे पासबुक होते.

आता पोलंड. तोच डावा रकाना. अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांची योजना १ जानेवारी १९९० ला सुरू झाली, तीही भाव एका फटक्यात मोकळे करूनच. पहिल्या महिन्यात भाव सुमारे ८० टक्क्यांनी चढले, दोन वर्षे उत्पन्न घटले, १९९३ अखेर बेकारी १६ टक्क्यांच्या वर गेली. तरी १९९६ पर्यंत पोलंड १९८९ च्या पातळीवर परत आला. रशियाचे उत्पन्न १९९८ पर्यंत जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घसरले आणि जुनी पातळी गाठायला पुढच्या दशकाचा बराचसा काळ गेला. रशियन पुरुषाचे सरासरी आयुष्य १९९० मध्ये ६४ च्या घरात होते, ते १९९४ मध्ये ५८ च्याही खाली आले. शॉक दोघांनी दिला. मग फरक कशाचा?

पोलंडमधला जादा पैसा १९८९ च्या महागाईत आधीच जळून गेला होता. त्या ऑक्टोबरात एका महिन्यात भाव निम्म्याहून जास्त वाढले होते. शेतजमिनीचा तीन-चतुर्थांश भाग कम्युनिस्ट राजवटीतही खासगी शेतकऱ्यांकडेच राहिला होता, म्हणजे मालक, सौदा, घासाघीस हे शब्द कोणी विसरले नव्हते. परदेशी सरकारांनी १९९१ मध्ये निम्म्या कर्जावर पाणी सोडायचे ठरवले. जे सरकारी कारखाने मर्यादेबाहेर पगार वाढवतील त्यांच्यावर जबर कर होता. आणि मोठे कारखाने विकायची पोलंडने घाई केली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आधी त्यांना सांगितले की यापुढे पैसे मिळणार नाहीत. विक्री पुढची काही वर्षे रखडत चालली. वाढ आली ती जुन्या कारखान्यांतून कमी आणि फुटपाथवर घडीची खाट टाकून कपडे विकणाऱ्यांतून सुरू झालेल्या नव्या धंद्यांतून जास्त. किंमत पोलंडनेही मोजली. सरकारी शेते मोडणाऱ्या एका कायद्याने तिथली गावे उघडी पडली, आणि तिथल्या मजुरांच्या मुलांपर्यंत ती बेकारी पोचली.

रशियाची गोष्ट इथे उलटी. १९९२ मध्ये सोव्हिएत संघ नव्हता, पण रुबल एकच होता, आणि नव्या देशांच्या मध्यवर्ती बँका आपापल्या कारखान्यांना त्याच रुबलमध्ये कर्जे देत होत्या. एका घरात एकच गल्ला आणि पंधरा जावांच्या हातात किल्ल्या, अशी ती तऱ्हा. नोटा छापणे मॉस्कोच्या हाती होते, उधारी सगळ्यांच्या. त्यात कारखान्यांनी एकमेकांना पैसे देणेच बंद केले. माल पाठवायचा, बिल लिहून ठेवायचे. वर्षाच्या मध्यापर्यंत ही आपसांतली थकबाकी तीन लाख कोटी रुबलच्या आसपास गेली, मग मध्यवर्ती बँकेने कर्जाची दारे उघडून ती निस्तरली आणि महागाई पुन्हा उसळली.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी याला नाव दिले होते. नोट्समध्ये त्याचे भाषांतर 'मृदू अंदाजपत्रकीय मर्यादा' असे आहे. भाचीला ते पाठ होते, कळलेले नव्हते. मी म्हटले, थकहमी. लगेच कळले. कोल्हापूर-सांगलीकडच्या पोराला थकहमी समजवावी लागत नाही: कारखाना कर्ज काढतो, सरकार हमी घेते, कारखाना बुडतो, सरकार भरते, पुढच्या हंगामात पुन्हा हमी. कोर्नाई म्हणतो की समाजवादी कारखान्याला दिवाळ्याची भीती नसते, म्हणून त्याला भाव कितीही असला तरी माल हवाच असतो, आणि म्हणून टंचाई कधी संपत नाही. ही हमी जोवर आहे तोवर भाव मोकळे करून काय होणार? आमच्या यंत्रमागांच्या वीज सवलतीचेही थोडे असेच आहे, हे मी बापाच्या मागावर वाढलेला असूनही कबूल करतो. अभ्यासक्रमात एवढा एक शब्द घातलात तरी पुष्कळ आहे.

खासगीकरणाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. १९९२ च्या शरदात प्रत्येक नागरिकाला दहा हजार रुबलची पत्रिका मिळाली, व्हाउचर. खासगीकरणाचे प्रमुख चुबायस यांनी सांगितले होते की याची किंमत पुढे दोन व्होल्गा मोटारींएवढी होईल. वर्षअखेरीला तिची दर्शनी किंमतच साधारण पंचवीस डॉलर होती, आणि मेट्रोच्या दाराशी गळ्यात पुठ्ठा अडकवून ती विकत घेणारे उभे असत. १९९५ मध्ये निवडणुकीला पैसा हवा म्हणून सरकारने तारण ठेवलेले समभाग लिलावाला काढले. नोरिल्स्क निकेल या बड्या धातू कंपनीचा ३८ टक्के हिस्सा सतरा कोटी डॉलरला गेला. लिलाव ज्या बँकेने घेतला तिच्याच गटाने तो जिंकला. एक गोष्ट मात्र रशियाने नीट केली आणि ती कोणी सांगत नाही: ज्या घरात जो राहत होता ते घर त्याला फुकट दिले. बाबुश्काचे पैसे गेले, पण दीड खोली तिच्या नावावर झाली आणि गावाबाहेरच्या तुकड्यात तिचे बटाटे होते. १९९२ चा हिवाळा लाखो घरांनी त्यावर काढला.

उजव्या रकान्यालाही न्याय द्यायला हवा. चीनने भाव एकदम सोडले नाहीत. कोट्यातला माल ठरल्या भावाने, कोट्यावरचा बाजारभावाने. पुस्तकात याला 'दुहेरी भावपद्धती' म्हणून चिनी प्रतिभेचा शोध असल्यासारखे लिहिले जाते. सभासदहो, लेव्हीची साखर आठवा. ठरावीक हिस्सा रेशनसाठी सरकारी भावाने, उरलेली खुल्या विक्रीची. २०१३ पर्यंत आपण तेच करत होतो. आणि दोन भावांच्या मधल्या फटीत कोण बसते तेही आपल्याला ठाऊक आहे. चीनमध्ये तिथे अधिकारी बसले. १९८८ च्या उन्हाळ्यात सरकार भाव सोडणार अशी बातमी येताच लोकांनी दुकाने रिकामी केली, आणि पुढच्या वर्षीच्या तिआनमेन चौकातल्या असंतोषात त्या महागाईचाही वाटा होता. शिवाय १९७८ मध्ये दहांतले सात चिनी कामगार शेतीत होते. त्यांना जमीन कसायला देऊन पीक विकायची मुभा दिली की उत्पादन वाढते, आणि मोकळे झालेले हात गावच्या कारखान्यात जातात. सरकारी कारखान्यांना हात न लावता नवी अर्थव्यवस्था शेजारी उभी राहते. रशियात शेतीत सातांतला एखादाच. तिथे शेजारी उभे करायला माणसेच नव्हती, सगळे जुन्या कारखान्यात होते, आणि त्यांचे घर, पोरांची बालवाडी, जेवणाचा हॉल, उन्हाळ्यातली सहल हेही त्याच कारखान्याचे होते. तो बंद करायचा म्हणजे गाव बंद करायचे. म्हणून कोणी बंद केला नाही. पगार देणे बंद केले. 'रशियाने चीनसारखे करायला हवे होते' हे वाक्य परीक्षेत चालते. ते कसे करायचे होते ते मात्र कोणी सांगत नाही.

याच पानावर खाली 'भारत १९९१' अशी ओळ आहे, तीही शॉक थेरपीत. ती तेवढी कृपया आजच काढा. २४ जुलै १९९१ ला बहुतेक परवाने गेले, पण दलाल स्ट्रीट आधीपासून होता, न्यायालये होती, मारवाड्याची पेढी होती, शेतकऱ्याचा सातबारा होता. आपण मालकी निर्माण केली नाही, मालकाच्या पायातली दोरी सैल केली. त्या प्रकरणाशी आपला खरा संबंध दुसरीकडे आहे. सोव्हिएत संघाशी आपला व्यापार रुपयांत चाले. मुंबईची औषधे, चहा, होजिअरी तिकडे जायची. संघ मोडला तेव्हा आपल्यावरच्या जुन्या सोव्हिएत कर्जाचा रुबल किती रुपयांचा धरायचा यावर दोन्ही सरकारे अडून बसली. जानेवारी १९९३ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन दिल्लीत आले तेव्हा तोड निघाली: काही भाग बारा वर्षांत, काही पंचेचाळीस वर्षांत बिनव्याजी. आम्ही फेडायचे रुपये आणि रशियाने त्यातून आपलाच माल घ्यायचा. मी ज्या छोट्या कंपनीत पहिली नोकरी केली तिची अर्धी रोजीरोटी त्यावर होती. हे मराठी मुलांना शिकवण्यासारखे आहे. आणि बाजाराकडे जाताना तोटा कोणाच्या नावे जातो याचे उदाहरण परदेशात शोधायचे नसेल तर लालबाग-परळ आहेच. गिरण्या आजारी म्हणून सरकारने घेतल्या, वर्षानुवर्षे तोटा भरला, आणि शेवटी यंत्रांना भंगाराचा भाव, जमिनीला सोन्याचा.

मग मागणे काय? प्रकरण वाढवू नका. पोरांना आधीच पुष्कळ आहे. 'शॉक थेरपी व क्रमिक सुधारणा यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न काढून टाका आणि त्याजागी एक छोटा ताळेबंद द्या. एक कारखाना: वीस वर्षांची यंत्रे, गोदामात धातू, दुसऱ्या कारखान्याकडून येणे थकलेले, बँकेचे कर्ज सरकारच्या हमीवर, तीन हजार कामगार त्याच्याच घरांत राहणारे. गावात एक बचत बँक. उद्या भाव मोकळे होणार आहेत. आज रात्री कोणती नोंद आधी कराल, आणि तोटा कोणाच्या खात्यावर टाकाल? उत्तर पोलंडचे आले, चीनचे आले, रशियाचे आले तरी गुण द्या, कारण सांगितले असेल तर. एकाच देशाची १९८९ ते १९९६ ही वर्षे सलग शिकवा, म्हणजे मुलांना कळेल की एकच माणूस दोन्ही रकान्यांची धोरणे तीन वर्षांच्या अंतराने राबवतो. आणि व्हिएतनामला दोन ओळी द्या; भाव तिथेही १९८९ मध्ये झटक्यानेच सुटले, आणि त्याच वर्षी तांदूळ आयात करणारा तो देश मोठा निर्यातदार झाला. तो आपल्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतो हे मलाही पाहायचे आहे.

आपल्यापैकी कोणाच्या महाविद्यालयात तास ठेवलात तर मी स्वखर्चाने येईन. फळा पुरे, पडदा-प्रोजेक्टर नको. येताना शब्दकोशातली ती ५० रुबलची नोट आणीन, मुलांना हातात घेऊन पाहू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सहा वर्षे मॉस्कोत काढलेला एक इचलकरंजीकर